चिमूर-प्रकरण आणि लोकमताचा पुरावा (इ. स. १९४२–४५)

इतिहाससंशोधकास राजाचें मत सहज सांपडतें, लोकांचें सांपडत नाहीं. राजाच्या मतास फर्मान, खलिता, हुकूमनामा असा कांहीं तरी देह असतो; लोकांचें मत बहुधा हवेंत विरून जातें. असें असतां अमुक गोष्ट 'लोकमताच्या दडपणामुळें' घडली हें वाक्य आपल्या लेखांतून फार सढळपणें लिहिलें जातें. त्याची कसोटी पाहण्यास आमच्याच भागांतील एक प्रकरण उपयोगी आहे. सिंदेवाहीच्या वायव्येस, जंगलपट्टींत, चिमूर हा गांव आहे. तेथें १९४२ च्या ऑगस्टांत जें घडलें आणि त्यावरून पुढें जें राजकारण झालें, तें हें प्रकरण होय. त्या वेळीं हा सर्व मुलूख चांदा जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या मध्यप्रांतांत मोडत होता.

विषय आपल्या पूर्वसूरींस अपरिचित नव्हता. उत्तरकांडांत भद्र हा रामास नगरांतील बोलणें येऊन सांगतो आणि त्या लोकापवादावरून सीतात्याग घडतो. कौटिल्यानें तर पहिल्या अधिकरणांत त्याची रीतच घालून दिली आहे : हेरांनीं तीर्थें, सभा व जनसमूह यांत शिरून आपसांत मुद्दाम वाद घालावा, एकानें राजाची निंदा करावी, दुसऱ्यानें तिचें खंडन करावें, आणि ऐकणारांपैकीं कोण तुष्ट व कोण रुष्ट हें ओळखावें. दोन्हीं ठिकाणीं लोकांचें मत हें राजानें जाणून घेण्याची वस्तु आहे. लोकांनीं तें उघड मांडण्याचा प्रश्नच तेथें उपस्थित होत नाहीं. इंग्रजी अमदानींत प्रांतांचे मुख्य चिटणीस दर पंधरवड्यास हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याकडे गुप्त अहवाल धाडीत, ते याच कुळींतले. पाश्चात्त्यांत डायसीनें १९०५ सालीं इंग्लंडांतील कायदा व लोकमत यांचा संबंध तपासला; लिपमनचा ग्रंथ १९२२ चा; गॅलपनें अमेरिकेंत माणसें निवडून प्रश्न विचारण्याची संस्था १९३५ सालीं काढली. आपल्याकडे दिल्लीस तशी संस्था निघाली ती १९५४ सालीं. तेव्हां १९४२ च्या चांदा जिल्ह्यास लावावयास अशी कोणतीही मापपट्टी नाहीं, हें ध्यानांत ठेवूनच पुढें गेलें पाहिजे.

१६ ऑगस्ट १९४२ रोजीं नागपंचमी होती. त्या दिवशीं चिमुरास निघालेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला; त्यांत बालाजी रायपूरकर हा कोंवळा मुलगा पडला. पुढें खवळलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर व एक शिपाई असे चार सरकारी इसम मारले गेले. गांवावर थोडे दिवस सरकारचा अंमल उरला नाहीं. मग लष्कर आलें, धरपकड झाली, आणि शिपायांनीं घरांत शिरून स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. ज्यांच्या भजनांस त्या गांवीं लोक लोटत असत, त्या तुकडोजी महाराजांसही त्याच महिन्यांत अटक झाली.

येथें एक भेद करणें अवश्य आहे. सोळा तारखेचा जमाव म्हणजे लोकमत नव्हे. जमावांत क्षोभ असतो, आणि क्षोभाच्या भरांत झालेल्या मनुष्यवधास लोकमताचें नांव देणें हें लोकमताची विटंबना करणें होय. कांहीं लेखकांनीं चिमूरचें वर्णन एका सुरांत केलेलें आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. लोकमताचा आरंभ त्यानंतरचा. नागपूरचे डॉ. मुंजे व कांहीं स्त्रिया चिमुरास गेल्या आणि तेथील बायकांच्या तोंडून त्यांनीं हकीकत ऐकली, त्या ठिकाणीं तो आहे. ज्या समाजांत असली गोष्ट घरांतल्या घरांत गिळली जाते, त्या समाजांतील स्त्रियांनीं ती परक्यांसमोर उच्चारली. या प्रकरणांतलें सर्वांत मोठें धैर्य तेंच, असें आमचें मत आहे. सरकारनें चौकशी नाकारली.

त्यानंतर सेवाग्रामचे प्रा. भन्साळी पुढें आले. ते प्रथम दिल्लीस बापूजी अणे यांच्या दारीं जाऊन बसले. अणे हे वणीचे, आणि तेव्हां व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. योग असा कीं, १९१८ सालीं यवतमाळास 'लोकमत' नांवाचें साप्ताहिक याच गृहस्थांनीं काढलें होतें, व तें नांव टिळकांनीं सुचविलें होतें! पुढें गांधींच्या उपवासाच्या वेळीं, १९४३ च्या फेब्रुवारींत, अण्यांनीं तें पद सोडलें. पण भन्साळी दारीं आले तेव्हां ते पदावर होते. भन्साळींनीं ११ नोव्हेंबरापासून जें उपोषण धरलें तें ६३ दिवस चाललें.

एका तपस्व्याचा उपवास हेंही अजून लोकमत नव्हे. तो लोकांच्या मनास घातलेला हात आहे. सरकारनें तें बरोबर ओळखलें, आणि उपवासाची व चिमूरची वार्ता छापण्यावर निर्बंध घातला. बातमी कळली नाहीं तर मत बनत नाहीं, हें त्या निर्बंधाचें सूत्र. परंतु निर्बंधानेंच प्रश्नाचें रूप पालटलें. चिमूर कोठें आहे हें ज्या मद्रासच्या किंवा मुंबईच्या संपादकास ठाऊक नव्हतें, त्याच्याही धंद्याच्या मुळावर आतां घाव आला. ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं आपला अंक काढला नाहीं; नववर्षाच्या पदव्यांची यादी छापावयाची नाहीं असेंही ठरलें होतें. १२ जानेवारीस समेट होऊन निर्बंध उठला, चिमुरास जाण्याची मोकळीक झाली आणि भन्साळींनीं उपवास सोडला.

आतां हिशेब पाहूं. लोकमतानें निर्बंध उठविला, हें कालक्रमावरून निःसंशय दिसतें. ज्या गोष्टीसाठीं उपवास मांडला होता ती, म्हणजे लष्कराच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी, मात्र झाली नाहीं. म्हणजे मत मांडण्याचा हक्क परत मिळाला, आणि ज्या विषयावर मत मांडावयाचें तो जागच्या जागीं राहिला. फांशीच्या शिक्षांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. चिमूर व आष्टीच्या कैद्यांचे प्राण वाचावे म्हणून अनसूयाबाई काळे यांनीं अपार खटपट केली, आणि १९४५ सालीं त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या. पण त्याच वर्षीं महायुद्ध संपलें व निवडणुका समोर दिसूं लागल्या. या कारणांपैकीं लोकमताचा वांटा किती, हें दोन्हीं बाजूंचे कागद शेजारीं ठेवल्याविना कोणीं सांगूं नये.

सरकारी बाजूचे पाक्षिक अहवाल दिल्लीच्या अभिलेखागारांत आहेत. दुसरी बाजू घरोघर आहे, आणि तिची दशा वाईट आहे. आमच्या भागांत भोंसलेकालीन मोडी कागद निघाला तर तो रेशमी रुमालांत बांधला जातो. बेचाळीसचीं हस्तपत्रकें, तुरुंगांतून आलेलीं कार्डें, अर्जांच्या नकला यांवर मात्र हळदमिरचीच्या पुड्या बांधल्या जातात. कागद हलका, शाई पुसट, आणि जुनेपणाची प्रतिष्ठा नाहीं. त्यांतही स्त्रियांच्या जबान्यांचीं टिपणें ज्या घरांत असतील, तेथें नांवें झांकून नक्कल करून घ्यावी आणि मूळ प्रत घरच्यांकडेच राहूं द्यावी.