मॉडेल रेल्वेतील प्रमाणबद्ध कपलर
मॉडेल रेल्वेचे डबे जोडणाऱ्या कपलरची, खऱ्या कपलरच्या मापाशी जुळणारी लहान आवृत्ती. ईलाय जॅनी यांना 1873 मध्ये अमेरिकेत मिटणाऱ्या जबड्याच्या कपलरचे पेटंट मिळाले आणि 1893 च्या कायद्याने तेथे स्वयंचलित कपलर सक्तीचे झाले. म्हणून अमेरिकी गाड्यांच्या एचओ (1:87) मॉडेलवर तोच आकार अपेक्षित असतो. केडी कंपनीच्या क्रमांक 5 च्या कपलरने तो दिला खरा, पण डोके वाजवीपेक्षा मोठे ठेवून. क्रमांक 58 मध्ये ते मूळ मापाच्या जवळ आले.

हा बदल केवळ दिखाऊ आहे, असा आक्षेप घेतला जातो. लहान डोक्याची उभी पकड कमी असते, त्यामुळे चढ सुरू होतो तेथे किंवा रुळांच्या उंचसखल सांध्यावर गाडी मध्येच तुटते, हे खरेच आहे. परंतु तो दोष बहुधा रुळांचा, किंवा कपलर रुळापासून सुमारे 10 मिलिमीटर या ठरीव उंचीवर न बसवल्याचा असतो. मोठे डोके तो फक्त झाकते. शिवाय दोन्ही क्रमांक एकमेकांत अडकतात, तेव्हा सगळे डबे एकदम बदलावे लागत नाहीत. आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्याच जागी: डोके लहान केले तरी कपलर बसवण्याची रुंद पेटी आणि खाली लोंबणारी वाकडी तार डोळ्यांत खुपतेच. तार कापली तर चुंबकाने डबे सोडवण्याची सोय जाते आणि जबड्यात बारीक काडी घालून ते हाताने सोडवावे लागतात.