एका क्षुद्र पालीची वंशावळ

राजेरजवाड्यांच्या वंशावळी आम्ही आवडीनें वाचतों; परंतु बोटाच्या पेरावर सहज मावेल अशा एखाद्या प्राण्याचीही वंशावळ असते, आणि ती लावण्यासाठीं विद्वानांच्या कित्येक पिढ्या खपतात, हें सहसा आमच्या ध्यानीं येत नाहीं. वेस्ट इंडीज बेटांच्या अरण्यांत, गळून पडलेल्या पानांच्या थराखालीं राहणाऱ्या चिमुकल्या पालींचा इतिहास ह्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

ह्या इतिहासाचा आरंभच एका मिथ्यारोपानें झाला. कप्तान कुक ह्याच्या दुसऱ्या सफरींत सामील झालेला, लिनियसचा स्वीडिश शिष्य आंदेर्स स्पारमन ह्यानें १७८४ सालीं सेंट युस्टेशियस बेटावरील पालीस ‘लॅसर्टा स्पुटॅटर’ असें नांव दिलें. लॅसर्टा हें त्या काळीं सरड्यापालींच्या साऱ्या गोतास लावीत. स्पुटॅटर म्हणजे थुंकणारा. ही पाल चिडली कीं विषारी थुंकी टाकते, ही लोकसमजूत त्या नांवांत कायमची गोठून राहिली. वस्तुतः हा जीव सर्वस्वीं निरुपद्रवी आहे. आमच्या घरांतील पालीविषयीं विषाचा असाच बोभाटा असल्यामुळें, त्या बेटांतील लोकांस हंसण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं. शास्त्राचा दंडक असा कीं, आधीं दिलेलें नांव अर्थ चुकला म्हणून रद्द होत नाहीं. सबब ती बिचारी आजही ‘थुंकणारी’च आहे.

पुढें १८३० सालीं म्यूनिक येथील योहान वाग्लर ह्यानें लोकवार्ता बाजूस सारून प्राण्याच्या पायांकडे पाहिलें. घरांतल्या पालीच्या बोटांखालीं आडव्या पट्ट्यांच्या रांगा असतात. ह्या पालीच्या प्रत्येक बोटाच्या टोकास मात्र एकच वाटोळी गादी असते. ह्या एका खुणेवरून त्यानें निराळा वंश कल्पिला व त्यास ‘स्फेरोडॅक्टिलस’, म्हणजे वाटोळ्या बोटांचा, असें नांव दिलें. दोनच वर्षांनीं, नमुने गोळा करीत असतां स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तो मरण पावला. पण त्यानें पाहिलेली खूण आजतागायत टिकून आहे.

ह्या वंशाचीं इतर लक्षणेंही पाहण्याजोगीं आहेत. डोळ्यांस हलणाऱ्या पापण्या नाहींत, तर पारदर्शक पडदा असतो. डोळ्याच्या वरच्या कडेस एक बारीकसा कांटा असतो. रात्रिंचर पालींची बाहुली उभ्या फटीसारखी असते, हिची मात्र वाटोळी. नराच्या पोटावर निराळ्या दिसणाऱ्या खवल्यांचा एक पट्टा असतो, आणि मादी एका वेळीं एकच अंडें घालते. १९५४ सालीं गार्थ अंडरवुड ह्यानें मुख्यत्वें बाहुलीच्या पुराव्यावरून ह्या पालींचें स्वतंत्र कुल मानिलें. १९६७ सालीं क्लूग ह्यानें तें मोडून त्यांस पुनः मोठ्या कुलाची शाखा केलें. आणि २००८ सालीं जननद्रव्याच्या परीक्षेनें त्या कुलाची पुनः स्थापना झाली.

कुलाच्या तंट्यापेक्षां जातींचा तंटा अधिक महत्त्वाचा आहे. ग्युंथर ह्यानें १८५९ सालीं सेंट क्रॉय बेटावरील पालीस ‘मॅक्रोलेपिस’ म्हटलें. स्टेय्नेगर ह्यानें १९०४ सालीं पोर्टो रिको बेटावरील पालीस ‘ग्रँडिस्क्वामिस’ म्हटलें. एक शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन. अर्थ दोहोंचा एकच, मोठ्या खवल्यांची! १९६६ सालीं टॉमस व श्वार्ट्झ ह्यांनीं दुसरीस पहिलीची पोटजात ठरविलें. २०१९ सालीं ती पुनः स्वतंत्र जाति ठरली. १९२१ सालीं हार्वर्डच्या टॉमस बार्बर ह्यानें ह्या वंशावर स्वतंत्र प्रबंध लिहिला होता. आज ह्या वंशांत शंभराहून अधिक जाति गणल्या जातात.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर ह्या पालींच्या देहांतच आहे. व्हर्जिन गोर्डा बेटावरील जाति टॉमसनें १९६५ सालीं वर्णिली. बेआता बेटावरील जाति हेजेस व टॉमस ह्यांनीं २००१ सालीं. दुसरीची लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुमारें १६ मिलिमीटर! जगांतील सर्वांत लहान सरपटणाऱ्या प्राण्यांत ह्या दोहोंची गणना होते. इतक्या लहान देहास वजनाच्या मानानें कातडीचा विस्तार फार, म्हणून अंगांतील पाणी लौकर उडून जातें. पानांच्या थराखालचा ओलावा हाच तिचा प्राण. वरचें झाड तोडलें कीं थर सुकतो, आणि थर सुकला कीं पाल मरते. हैतींत तर मूळ अरण्य अत्यल्पच उरलें आहे.

अशा स्थितींत दहा बेटांवरील पाली एकाच नांवाखालीं घातल्या, तर एका बेटावरची नाहींशी झाली तरी ‘ती जाति अन्यत्र आहे’ म्हणून कोणी हळहळणार नाहीं. त्या निराळ्या आहेत हें कोणी खवले मोजून दाखविलें, तरच ती हानि हानि म्हणून नोंदली जाईल. जिचें नांवच नाहीं, तिचा मृत्युलेख कोण लिहिणार? खवले मोजणाऱ्यांस आम्ही रिकामटेकडे समजूं नये, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.