पिकअपच्या पाट्यांची बखर

अमेरिकेतील शेतकऱ्याने, सुताराने आणि लहान दुकानदाराने गेली शंभर वर्षे ज्या वाहनाच्या आधारे आपला प्रपंच चालविला, त्या पिकअप गाडीचा इतिहास सामान्यतः तिच्या इंजिनाच्या अश्वशक्तीवरून आणि दर्शनी भागाच्या घडणीवरून सांगितला जातो. परंतु बॉनेट न उघडता जो मनुष्य गाडीखाली शिरून आस, पाटे आणि शॉकअप यांची नीट पाहणी करील, त्याला तेथे निराळाच, आणि माझ्या मते अधिक बोलका, इतिहास वाचावयास मिळेल. मालाला मान आधी की मालकाला, हा तंटा त्या लोखंडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि त्याचा निवाडा पुष्कळदा कारखान्याने न करता मालकानेच, भंगाराच्या आवारातून काढून आणलेल्या पुढच्या सालांच्या कारखानी भागांच्या साहाय्याने, परस्पर करून टाकलेला आहे.

पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकीवर एक रचून त्यांच्यावर गाडीचे धड टेकविण्याची युक्ती मोटारीच्या पुष्कळ आधीची. लंडनचा गाडी-कारागीर ओबाडिया एलियट याने 1804 मध्ये लंबवर्तुळाकार कमानींवर घोडागाडी बसविण्याचे पेटंट घेतले आणि गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या जड लाकडी तुळईची गरज संपविली. या पाट्याचा मोठा गुण असा की तो एकटाच अनेक कामांचा मुखत्यार असतो: तो भार तोलतो, आस जागच्या जागी धरून ठेवतो, आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे उसळीही काही अंशी आपल्याच ठायी जिरवितो. त्याचा दोषही याच गुणातून उद्भवतो; कारण भार तोलण्यास जो ताठ हवा आणि बसणाऱ्याच्या सुखास जो मृदू हवा, तो एकच पाटा दोन्ही धन्यांची चाकरी सारख्या निष्ठेने करू शकत नाही.

हेन्री फोर्डने 1908 मध्ये विक्रीस काढलेल्या मॉडेल टी गाडीला पुढे एक व मागे एक असे दोनच पाटे, तेही आडवे, व्हॅनेडियम-मिश्रित पोलादाचे घडविलेले होते. खड्ड्याखाचरांतून जाताना गाडीचा सांगाडा हवा तसा मुरडावा आणि तरीही मोडू नये, अशी ती रचना होती. ग्रामीण अमेरिकेतील तत्कालीन रस्त्यांचा विचार करता ती अत्यंत समंजस म्हटली पाहिजे. या गाडीच्या मागल्या भागावर शेतकरी आपल्या हाताने पेट्या ठोकून माल नेऊ लागले. कंपनीने 1917 मध्ये एक टन माल वाहणारा टीटी ट्रक काढला, आणि अखेरीस 15 एप्रिल 1925 रोजी कारखान्यातूनच हौदा बसवून दिलेली पिकअप 281 डॉलरांस बाजारात आली. मालकांनी आधी गाडी बदलावी आणि कारखान्याने मागाहून त्या बदलाला मान्यतेची सनद द्यावी, हा या वाहनाच्या वंशातील क्रम अगदी मूळ पुरुषापासून चालत आलेला आहे, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

उसळी जिरविण्याचे काम पाट्यांच्या घर्षणावर सोपवून भागत नाही, हे लवकरच उघड झाले. डिसेंबर 1927 मध्ये आलेल्या मॉडेल ए गाडीला फोर्डने तेलावर चालणारे हूदाय पद्धतीचे शॉकअप बसविले, तरी पिकअपचे मूळ दुखणे त्याने गेले नाही, कारण ते हिशेबातलेच दुखणे होते. अर्ध्या टनाची म्हणविणारी गाडी सुमारे हजार पौंड माल पेलण्यासाठी मागच्या पाट्यांची ताठी ठरविते. तो माल उतरला की मागील आसावर उरतो केवळ रिकामा हौदा, आणि हजार पौंडांसाठी तयार केलेला पाटा त्या क्षुल्लक भाराला जुमानीत नाही. म्हणून बाजारातून रिकामा परतणारा शेतकरी आपल्याच गाडीत सुपातल्या दाण्यासारखा उडत घरी येई, आणि ती गोष्ट इतकी स्वाभाविक मानली जाई की तिच्याविषयी गाऱ्हाणे करणेही कोणास सुचत नसे.

मोटारींच्या बाबतीत मात्र हे गाऱ्हाणे ऐकून घेणारा मनुष्य निघाला. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसची चाकरी सोडून जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक शाखेत आला, आणि पुढेमागे वजने सरकविता येतील अशी एक चाचणीची गाडी तयार करून त्याने सिद्ध केले की पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांहून मऊ ठेवल्यास पुढचे धड संथपणे आणि मागचे जलद हलते, त्यामुळे उंचवट्याचा धक्का मागच्या चाकांस उशिरा बसूनही मागचा भाग पुढच्याची बरोबरी गाठतो, आणि गाडी डोलकाठीप्रमाणे पुढेमागे झुलत नाही. परंतु पुढचा आस अखंड असेल तर स्प्रिंगा इतक्या मऊ ठेवता येत नाहीत. म्हणून पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र करणे प्राप्त झाले. 1934 सालच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना ही स्वतंत्र चाके मिळाली. पिकअपच्या वाट्याला मात्र पुढे पंचवीस वर्षे तोच अखंड आस राहिला. तिच्यात माल बसतो, माणूस केवळ ती हाकतो, असा कारखान्यांचा समज होता, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही.

या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण मंडळी वेगळ्याच उद्योगात गुंतलेली होती. म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावर जुन्या फोर्ड गाड्या भरधाव पळविण्याचा त्यांना नाद. 1937 मध्ये त्यांच्या मंडळांचा संघही स्थापन झाला, आणि जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. वेग वाढविला की थांबण्याची तजवीज करावी लागते, आणि 1938 पर्यंतच्या फोर्ड गाड्यांचे ब्रेक यांत्रिक जोडणीवर चालणारे होते. 1939 पासून कंपनीने तेलाच्या दाबाचे ब्रेक दिले. तेव्हा 1939 नंतरच्या मोडीत निघालेल्या गाडीचे ब्रेक काढून ते 1932 च्या गाडीला बसविणे हा त्या मंडळींचा परिपाठच झाला, कारण एकाच घराण्यातील हे भाग थोड्याशा कानशीकामाने एकमेकांशी जुळत. स्वतःचा शोध लावण्यापेक्षा कारखान्याने काही वर्षांनी लावलेला शोध मागे नेऊन बसवावा, ही जी रीत पुढे पिकअपच्या पाट्यांना लागू झाली, तिचा उगम मी येथे मानतो.

या रीतीला दप्तरही होते. कोणत्या सालच्या कोणत्या गाडीचा भाग दुसऱ्या कोणत्या गाडीस बसतो, याच्या नोंदी असलेले हॉलंडरचे जाडजूड ग्रंथ 1930 च्या दशकापासून भंगारवाल्यांच्या मेजावर असत. एखाद्या परगण्याच्या जमीनझाडणीत जसा प्रत्येक शेताचा दाखला सापडावा, तसा त्यात हबचा, आसाचा, स्टिअरिंगच्या पेटीचा दाखला सापडे. मोडक्या गाड्यांच्या त्या आवारांना सामान्य मनुष्य नाक मुरडतो, पण मला ती लोखंडाची अभिलेखागारेच वाटतात.

रस्ते बदलले तेव्हा कारखान्यांनाही जाग आली. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड काम हाती घेण्यात आले, शहरांभोवती वस्त्या पसरल्या, आणि पिकअप शेताच्या बांधावरून उठून घराच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिच्यात आता पत्नी व मुले बसू लागली. 1960 सालच्या शेवरोले पिकअपला पुढे स्वतंत्र चाके आणि पीळ खाणारे टॉर्शन बार, तर मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा मिळाल्या. कॉइल केवळ भार तोलते, आसाला धरून ठेवण्याचे काम तिला जमत नाही. म्हणून आस आवरण्यासाठी लांब भुजा आणि आडवी दांडी वेगळी द्यावी लागली. ज्या कामांची मुखत्यारी एकट्या पाट्याकडे होती ती अशा रीतीने चौघांत वाटली गेली, आणि प्रत्येकाला आपापले काम अधिक चोख करता आले. 1963 मध्ये टॉर्शन बार जाऊन पुढेही कॉइल आल्या. 1965 मध्ये फोर्डने दोन स्वतंत्र तुळयांची आपली ‘ट्विन आय-बीम’ रचना आणली. डॉजने 1972 मध्ये स्वतंत्र चाकांचा मार्ग धरला. शेवरोले 1973 मध्ये मागच्या बाजूस पुन्हा पाट्यांकडे वळली, यावरून मालाच्या पक्षाचा कज्जा निकालात निघाला नव्हता हे दिसतेच.

याच शेवरोले वंशात आपल्या विषयाचे सर्वांत शुद्ध उदाहरण सापडते. 1971 पर्यंत पिकअपला पुढे ड्रम ब्रेक होते. त्या साली अर्ध्या टनाच्या गाडीला डिस्क ब्रेक मिळाले, आणि 1973 ते 1987 या दीर्घ काळात ती रचना अधिक मजबूत झाली. आता ज्याच्यापाशी 1963 ते 1970 मधील गाडी आहे, तो मालक 1973 नंतरच्या मोडीत गेलेल्या पिकअपखालचा संपूर्ण क्रॉसमेंबर, म्हणजे भुजा, कॉइल, हब आणि ब्रेक यांसह पुढचा आडवा सांगाडा, सोडवून आणतो आणि किरकोळ फेरफार करून आपल्या गाडीखाली बोल्टांनी आवळतो. येथपर्यंत सारे सुरळीत. पण 1971 पासून कंपनीने अर्ध्या टनाच्या दोनचाकी-चालनाच्या गाड्यांची चाके सहाऐवजी पाच बोल्टांची केली होती. परिणाम असा की पुढची चाके पाच बोल्टांची आणि मागची सहा बोल्टांची असा विजोड संसार उभा राहतो, आणि एका ब्रेकच्या मोहाने सुरुवात केलेला मनुष्य शेवटी मागचा आसही बदलून बसतो. गॅरेजच्या धंद्यातील अनुभवी लोक कामाला हात लावण्यापूर्वी चाकाचे बोल्ट मोजतात ते उगाच नाही.

त्याहून जुन्या, म्हणजे अखंड आसाच्या पिकअपांना आपल्या वंशात योग्य दाता मिळत नसे, म्हणून त्यांनी परकुळाकडे हात पसरले. 1947 ते 1955 च्या शेवरोले पिकअपचा पुढचा सांगाडा कापून तेथे कॅमेरो गाडीचा संपूर्ण पुढचा भाग जोडण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. फोर्डच्या एफ-100 खाली प्लिमथ व्होलारेचे आडवे टॉर्शन बार शिरले. कोणी एएमसी पेसरचे भाग वापरले. 1974 ते 1978 मधील मस्टँग टू ही गाडी स्वतः फारशी गौरविली गेली नाही, परंतु तिच्या पुढच्या चाकांची आटोपशीर रचना आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग इतके मागणीत आले की भंगारातील मूळ माल संपत गेला तेव्हा नकला तयार करणारे स्वतंत्र कारखाने निघाले. हलक्या मोटारीसाठी आखलेली ती रचना जड ट्रकच्या गळ्यात बांधणे कितपत शहाणपणाचे, याविषयी मला शंका आहे. 2003 ते 2011 च्या फोर्ड क्राऊन व्हिक्टोरियाची निवड मला अधिक विचारी वाटते. पोलीस आणि टॅक्सी यांच्या कामात घासल्या गेलेल्या या दणकट गाडीचा ॲल्युमिनियमचा क्रॉसमेंबर बोल्टांनी सुटा होतो, त्याला रॅक-पिनियन स्टिअरिंग आहे, आणि सरकारी खात्यांनी हजारोंनी मोडीत काढल्यामुळे ती सर्वत्र मिळते. तिची रुंदी जुन्या पिकअपच्या मडगार्डांस जाचते, एवढीच अडचण. ती खोलवर बसणाऱ्या चाकांनी भागते.

नव्या रचना स्वतः घडविण्याची ऐपत असूनही लोक कारखानी भागच का शोधतात, याचे उत्तर गाडी वळविताना मिळते. चाक वरखाली होताना त्याचा कल, त्याची मागे झुकण्याची मात्रा आणि स्टिअरिंगच्या दांडीचा कोन ही तिन्ही एकमेकांस सांभाळून बदलली पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात गेलेली गाडी ड्रायव्हरच्या संमतीवाचून दिशा बदलते. ही भूमिती लोहाराच्या नजरेने साधत नाही. ती कारखान्याच्या चाचणी-रस्त्यावर पुष्कळ पैसा खर्चून साधलेली असते. शिवाय दहा वर्षांनी सांध्याचा बॉल झिजला तर तो कोणत्याही गावातील दुकानात मिळतो.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध आहे, पण तो उलट्या दिशेचा. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीस सुरू केलेल्या कारखान्यात शेवरोले वाहनांची जुळणी 1954 पर्यंत चालली. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी केली, आणि चारही चाकांवर पाटे असलेली ती जीप खेडोपाडी पोचली. येथील पाटेवाल्याकडे गाडी जाते ती बहुधा जादा भारासाठी एखादी पट्टी वाढवून घेण्यास. माणसाच्या सुखासाठी पट्टी कमी करून घेणारे गिऱ्हाईक विरळा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ने मूळ रचनेतील फेरबदलावर निर्बंध घातले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते निर्बंध कडकपणे उचलून धरले.

अमेरिकेत मात्र ती रीत नव्या शतकातही चालू आहे, आणि आता तिच्या कक्षेत अवजड गाड्या आल्या आहेत. फोर्डच्या 1999 ते 2004 मधील सुपर ड्यूटी पिकअपला चारही चाके चालविण्याच्या प्रकारात पुढे अखंड आस आणि पाटे होते. 2005 पासून आस अखंडच ठेवून पाट्यांच्या जागी कॉइल, त्रिज्येसारख्या लांब भुजा आणि आडवी दांडी आली, चाके अधिक वळू लागली, आणि एवढी मोठी गाडी लहान जागेत फिरू लागली. तेव्हा जुन्या गाडीचे मालक 2005 नंतरचा आस विकत घेतात, पाट्यांच्या आधारकड्यांचे रिव्हेट घासून उडवितात, चासीवर कॉइलचे व भुजांचे नवे आधार बसवितात, आणि स्टिअरिंगच्या दांड्या व ब्रेकच्या नळ्या नव्या मापाच्या लावतात. शेवरोलेवाल्यांना जो पाच-सहा बोल्टांचा घोळ निस्तरावा लागला, तो मात्र येथे उद्भवत नाही. कारण या दोन्ही काळांतील एफ-250 आणि एकेरी मागच्या चाकांच्या एफ-350 गाड्यांना आठच बोल्ट आहेत, आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यासही 170 मिलिमीटरच आहे.