सोळा जागांचा हिशेब

राखीव जागांचं नाव काढलं की मेरिटवाले अंगावर येतात. हे भांडण अमेरिकेतही जवळजवळ पन्नास वर्षं चाललं, आणि 2023 साली तिथले काळे ते कोर्टात हरले. कसे हरले, हे आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे, म्हणून मी लिहितोय.

सुरुवात थर्गुड मार्शलपासून करतो. हा बाल्टिमोरचा काळा पोरगा. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल त्याच्याच गावात, पण काळ्यांना दार बंद. तो हॉवर्ड विद्यापीठातून वकील झाला आणि 1935 साली त्याच मेरीलँडला कोर्टात खेचून त्यानं डोनाल्ड मरे या काळ्या तरुणाला आत घालवलं. पुढं टेक्सास. 1946 साली हेमन स्वेट या पोस्टमननं तिथल्या लॉ स्कूलला अर्ज केला. सरकारनं काय करावं? त्याला आत घेण्यापेक्षा काळ्यांसाठी वेगळं लॉ स्कूलच उघडलं! वेगळा पाणवठा म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. 1950 साली मार्शलनं हा खटलाही सुप्रीम कोर्टात जिंकला. तोवर प्रवेश देताना कातडीचा रंग उघड बघितला जात होता. तेव्हा मेरिट कुणाला आठवलं नाही.

कॅलिफोर्नियातलं डेव्हिसचं मेडिकल कॉलेज 1968 साली सुरू झालं. पहिल्या वर्गात 50 विद्यार्थी, काळा एकही नाही. पुढं जागा 100 झाल्या आणि त्यातल्या 16 वंचित अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या. अ‍ॅलन बाकी नावाच्या गोऱ्या इंजिनियरला 1973 आणि 1974 साली तिथं प्रवेश मिळाला नाही. (नाव बाकी, पण खरी बाकी काळ्यांची होती.) गड्याला 84 जागा दिसल्या नाहीत, 16 दिसल्या. वजनदार घरांतली काही पोरं डीनच्या मर्जीनं आत जात, त्यावर त्याचा खटला नव्हता.

28 जून 1978 ला सुप्रीम कोर्टानं त्या 16 जागा मोडल्या. न्यायमूर्ती पॉवेलनं तेवढी एक फट ठेवली: वंश बघा, पण वर्गात विविधता यावी म्हणून. समाजानं केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून नाही. माझ्या मते घात इथंच झाला. मार्शल तेव्हा त्याच कोर्टात न्यायमूर्ती होता. त्यानं वेगळं मत लिहून गुलामगिरीपासूनचा सगळा हिशेब मांडला, पण चालली पॉवेलचीच भाषा. 2003 साली मिशिगनच्या खटल्यातही विविधताच टिकली. विविधता म्हणजे काय? तर काळ्या पोराला घ्या, कारण त्याच्या शेजारी बसून गोऱ्याचं शिक्षण सुधारतं. हक्क गेला, उपयोग उरला. उपयोगाची वस्तू केव्हाही फेकता येते.

आपल्याकडं मद्रासच्या चंपकम दोराईराजन बाई जातवार जागांविरुद्ध कोर्टात गेल्या. मेडिकलला त्यांनी अर्जसुद्धा केलेला नव्हता! तरी 1951 साली जिंकल्या. पण त्याच वर्षी, बाबासाहेब कायदामंत्री असताना, घटना दुरुस्त होऊन 15(4) आलं. त्यात शब्द मागासलेल्यांच्या उन्नतीचे आहेत, शेजाऱ्याच्या शिक्षणाचे नाहीत. मार्शलच्या हातात असं कलम नव्हतं.

29 जून 2023 ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत सरन्यायाधीश रॉबर्ट्सनं ती फटही बुजवली. विविधतेची उद्दिष्टं मोजता येत नाहीत, म्हणाला. आधार घेतला समान संरक्षणाच्या कलमाचा, जे गुलाम सुटल्यावर 1868 साली त्यांच्यासाठीच घटनेत आलं होतं.

हार्वर्डच्या खटल्यात आशियाई पोरांची तक्रार पुढं केली होती. त्याच खटल्यातल्या आकड्यांवरून दिसलं, की प्रवेश मिळालेल्या गोऱ्यांपैकी 43 टक्क्यांहून जास्त जण एक तर खेळाडू, नाही तर माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची पोरं, किंवा देणगीदारांच्या गोतावळ्यातल्या खास यादीवरचे. त्यांच्या जागांना निकालानं हात लावला नाही.