संवत १०७० आणि आपलं अचलपूर



अकराव्या शतकाची सुरुवात म्हटली की शाळेच्या पुस्तकात दोनच गोष्टी असतात. उत्तरेत गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्या आणि दक्षिणेत चोळांचं तंजावर. वऱ्हाडाचं नाव कुठेच नाही. म्हणून आज मी एकच साल निवडलंय: विक्रम संवत १०७०, म्हणजे इसवी सन १०१३-१४. तिकडे राजराज चोळाचा शेवट जवळ आला होता, माळव्यात भोजराजाची कारकीर्द नुकती सुरू झाली होती. आणि त्याच माळव्याच्या परिसरात आचार्य अमितगती ‘धर्मपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ पुरा करत होते. अवघ्या दोन महिन्यांत लिहिला म्हणतात!

अमितगती कोण, असं विचारू नका. आपण सामायिक पाठ म्हणतो ना, मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांनी सुरू होणारा, तो त्यांचाच. बत्तीस श्लोकांचा म्हणून ‘भावना द्वात्रिंशतिका’. माझ्या सासूबाईंना तो तोंडपाठ आहे. कोणी रचला म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, “आचार्यानं लिहिला, अजून काय पायजे तुले?”

पण मला अजून पाहिजे होतं, कारण ‘धर्मपरीक्षे’ची गोष्ट आपल्या गावाशी येऊन पोचते. ही कथा आधी जयराम नावाच्या कवीने प्राकृत गाथांमध्ये रचली होती. ती रचना आज मिळत नाही. आज हाती असलेली सगळ्यात जुनी ‘धम्मपरिक्खा’ आहे हरिषेणांची, अपभ्रंश भाषेतली, संवत १०४४ म्हणजे इसवी सन ९८८ ची. अमितगतींच्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधीची. हरिषेण मूळचे चित्तोडचे. वडील गोवर्धन, आई गुणवती. (आईचं नाव नोंदवलंय, हे मला फार आवडलं.) स्वतःच्या काही कामासाठी ते चित्तोड सोडून अचलपूरला आले, इथे छंद आणि अलंकार शिकले आणि ग्रंथ लिहिला. अचलपूरचं वर्णन त्यांनी एकाच विशेषणात केलंय: जिनमंदिरांनी भरलेलं गाव.

त्या काळी मराठी नुकती कुठे दगडावर उमटत होती. अलिबागजवळचा अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा. त्याच्या चोवीस वर्षं आधी आपल्याकडे एक माणूस कवितेची शास्त्रं शिकून पोथी लिहीत होता, म्हणजे शिकवणारे होते, वाचणारे होते, आणि त्यांना पोसणारी घरंही होती. मुक्तागिरीला जाताना अचलपूर आपण गाडीच्या काचेतून बघतो. पुढच्या वेळी जरा थांबा.

आता ग्रंथातली गोष्ट. मनोवेग आणि पवनवेग हे दोन विद्याधर मित्र. मनोवेग जैन, पवनवेग नाही. मित्राला पटवायचं कसं? मनोवेग भांडत नाही की उपदेशही देत नाही. तो त्याला पाटलिपुत्राला नेतो. अंगावर दागिने आणि डोक्यावर गवत-लाकडाच्या मोळ्या अशा सोंगात दोघं वादसभेत शिरतात, नगारा वाजवून थेट सोन्याच्या आसनावर बसतात. पंडित चकित! मग मनोवेग एकेक अचाट थाप सांगतो. हत्ती मागे लागला म्हणून मी कमंडलूत लपलो, हत्तीही आत शिरला. नाहीतर, हे मांजर घ्या, याच्या वासानेच उंदीर पळतात. पंडित बघतात तर मांजराचा कान उंदरांनी कुरतडलेला. ते हसतात, खोटं म्हणतात, आणि मनोवेग विचारतो, मग तुमच्या पुराणातली अमुक गोष्ट खरी कशी?

खरं सांगू, इथे माझी जीभ अडखळते. पाठशाळेतल्या मुलींना हा ग्रंथ सांगताना मी थापांचा भाग रंगवून सांगते आणि पुराणांच्या टिंगलीचा आवरता घेते. शेजारच्या काकू एकादशीला साबुदाण्याची उसळ आणून देतात, त्यांच्या देवाची थट्टा माझ्या तोंडून नको. हाच लेखक दुसरीकडे विपरीत वागणाऱ्यांविषयीही माध्यस्थ्य ठेवा म्हणतो. माझ्या मते अमितगती सामायिक पाठात जास्त मोठे आहेत.

पण परीक्षेची रीत मात्र घेण्यासारखी आहे, आणि ती आधी आपल्या घरात लावावी. आपल्याकडे सांगतात की एलिचपूर इल राजाने वसवलं, तो जैन होता. जुन्या गॅझेटियरमधल्या कथेप्रमाणे तो संवत १११५ मध्ये, म्हणजे १०५८ ला इथे आला. दुसऱ्या कथेप्रमाणे ज्या लढाईत तो पडला ती १००१ ची. म्हणजे येण्याच्या सत्तावन्न वर्षं आधीच राजा गेला! आणि अचलपूर हे नाव तर हरिषेणांच्या लेखणीत ९८८ लाच आहे, गाव तेव्हा देवळांनी गजबजलेलं. इल राजाची गोष्ट मी लेकीला सांगते, पण गोष्ट म्हणून. साल विचारलं तर हरिषेणांचं सांगते.

अशा पोथ्या सांभाळण्यात वऱ्हाड मागे नव्हतं. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या कारंज्याच्या भांडारांतून अपभ्रंश ग्रंथ उजेडात आले, ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांच्यामुळे. धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला भागही १९३९ मध्ये अमरावतीहूनच निघाला.

परवा सासूबाईंना हे सगळं सांगितलं. सामायिक पाठवाल्या आचार्यांनी जी कथा लिहिली, ती आधी आपल्या अचलपुरात लिहून झाली होती, म्हटलं. त्यांनी जपमाळ खाली ठेवली आणि विचारलं, “त्याच्या मायचं नाव काय सांगतलं तू?”

“गुणवती.”