परांची तपासणी

बांधकामाच्या जागी गवंडी, सुतार, रंगारी यांना उंचीवर उभे राहण्यासाठी आणि विटा, दगड, चुना इ. साहित्य हाताशी ठेवण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या सांगाड्यास परांची किंवा पहाड म्हणतात. काम संपताच परांची उतरविली जात असल्याने इमारतीच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच राहते. तिच्या तपासणीचा इतिहास तर त्याहूनही त्रोटक आहे, कारण ही तपासणी दीर्घकाळ लेखी नव्हतीच.

विदर्भात परांचीसाठी पूर्वापार बांबू, लाकडी बल्ल्या आणि काथ्याची किंवा सुतळीची दोरी वापरीत. चंद्रपूर व भंडारा भागांतील जंगलांमुळे नागपूरला बांबू सहज मिळे. बांबूला चीर वा कीड आहे काय, गाठ सैल पडली काय, फळी दोन्ही टोकांना नीट टेकली आहे काय, हे मिस्त्री डोळ्यांनी व हाताने पाहत असे. नागपूरच्या हवामानात हे एकदाच पाहून भागत नाही. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. ओला बांबू वाळून आकसतो आणि त्यावरील बांध ढिला होतो. पावसाळ्यात भिजलेली दोरी आवळली जाते, पण उघडीप पडताच सैल होते व वारंवार भिजल्याने कुजते. शिवाय येथील काळी माती पाण्याने फुगून मऊ पडते आणि उभ्या खांबांचे बूड खचते. म्हणून सकाळी सुस्थितीत असलेली परांची जोराच्या सरीनंतर तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

नागपूर उच्च न्यायालयाच्या इमारतीचा पाया ९ जानेवारी १९३७ रोजी सर हाइड गोवन यांच्या हस्ते घालण्यात आला व ६ जानेवारी १९४० रोजी तिचे उद्‍घाटन झाले. नवी दिल्लीच्या उभारणीत भाग घेतलेले हेन्‍री मेड हे तिचे वास्तुविशारद होत. मूळ आराखड्यात मधला घुमट जमिनीपासून १०९ फूट (सु. ३३ मी.) उंच होता. भिंतींचा गाभा विटांचा, तर दर्शनी भाग घडीव वालुकाश्माचा आहे. विटांच्या साध्या भिंतीत छिद्रे ठेवून परांचीचे आडवे वासे टेकविता येतात. घडीव दगडात तसे करता येत नाही. त्यामुळे अशा कामास खांबांच्या दोन ओळींवर भिंतीपासून स्वतंत्र उभी राहणारी परांची योग्य ठरते व तिची स्थिरता सर्वस्वी तिरक्या आधारांवर आणि बांधांवर अवलंबून असते. या वास्तूच्या परिचित वर्णनांत दगड, मोजमापे व खर्च (७,३७,७४६ रुपये) यांचा उल्लेख येतो, परांचीचा येत नाही.

त्या काळी कामगाराला आधार होता तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाचा. तो १ जुलै १९२४ पासून अंमलात आला आणि एकापेक्षा अधिक मजल्यांच्या इमारतींवरील कामगारांना लागू होता. कंत्राटदाराच्या माणसाला इजा झाल्यास मूळ मालकावरही त्याने जबाबदारी टाकली, ही त्याची मोठीच कामगिरी होय. मात्र त्याचे काम माणूस पडल्यानंतर सुरू होई. परांची आधी तपासली जावी, हे तत्त्व जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३७ मध्येच, म्हणजे नागपूरचा पाया घातला गेला त्याच वर्षी, इमारतकामाच्या सुरक्षेविषयीच्या संकेतात मांडले. परांची जाणत्या व जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली उभारावी आणि ठराविक काळाने तपासावी, असे त्यात म्हटले होते.

भारतीय मानक संस्थेने परांची व शिड्यांविषयीची सुरक्षा संहिता १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या परांचीविषयक भागाची सुधारित आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांतील सुरक्षा संहितेने ३.६ मी.पेक्षा उंच परांचीला किमान ९० सेंमी. उंचीचा कठडा आवश्यक मानला. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनी पडण्याचा धोका असलेल्या उंच परांचीची गेल्या सात दिवसांत तपासणी झालेली असणे बंधनकारक केले. लेखी नोंदीमुळे तपासणाऱ्याचे नाव व तारीख मागे राहते, आणि अपघातानंतर दोष गाठ बांधणाऱ्या मजुरावर ढकलणे सोपे राहत नाही.

भारतात १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाने परांचीची सुरक्षा कायद्याच्या कक्षेत आणली. परंतु दहापेक्षा कमी कामगार असलेली कामे आणि दहा लाख रुपयांपर्यंतची स्वतःच्या राहत्या घराची बांधकामे त्याने वगळली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा अधिनियम समाविष्ट करण्यात आला. तीत घरांसाठीची मर्यादा पन्नास लाखांवर गेली. बांबूची परांची दिसते ती प्रामुख्याने याच लहान कामांवर. तेथे नोंदवही नसते. पाऊस थांबल्यावर गाठी चाचपून पाहणारा मिस्त्री असला, तर तेवढीच तपासणी होते.