झाबुआची थंडी आणि काळी कोंबडी

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरात अंडं कधी शिजलं नाही. पण १९८२ साली बँकेने झाबुआला बदली केली आणि कोंबड्यांशी गाठ पडली.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झाला होता. त्यात भिल्ल कुटुंबांना कोंबड्यांसाठी कर्ज द्यायचं. तिकडची कडकनाथ, म्हणजे कालामासी. पिसं, कातडी, मांस सगळं काळं. अंडं मात्र फिकट तपकिरी.

डिसेंबरात एका बाईला मी पिल्लं घ्यायला लावली. ती म्हणाली, "साहेब, होळीनंतर घेऊ." मला मार्चआधी उद्दिष्ट पुरं करायचं होतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. तिच्याकडे एक कंदील. चार रात्रींत निम्मी पिल्लं गारठून मेली. कर्ज मात्र पूर्ण राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात तिने आपल्या रीतीने केलं. कडकनाथ क्वचितच खुडूक होते, म्हणून तिची अंडी साध्या गावठी कोंबडीखाली ठेवली. चुलीजवळ टोपली, खाली गवत. पंखांखाली मावतील तेवढीच अंडी, बाकीची बाजारात विकली. २१ दिवसांनी पिल्लं निघाली, आईच्या उबेत वाढली. त्यातून हप्ते फिटले.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती बाई आठवली. कर्जाच्या कागदावर अंगठा तिचा होता, पण घाई माझी होती. तिला हे कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहिलं.